डाव्या बाजूचे आकडे

४ मार्च

धाकट्या,

तुझ्या दवाखान्याच्या पत्रकावर माझं तोंड छापून आलं आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. एरवी फोन केला असता. पण फोनवर तू 'बरं, बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस.

पत्रक मला खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी आणून दाखवलं. त्यांच्या बहिणीला ते तुझ्या गावात मिळालं. हे तुमचेच भाऊ ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि चष्मा लावला. आत दातांच्या रांगांचं चित्र, दातादातापाशी बारीक आकडे, आणि खाली मजकूर: सदुसष्ट वर्षांची निवृत्त प्राध्यापिका, हिरड्यांचा जुना आजार. तोंडाच्या डाव्या बाजूला सहा महिने फक्त ओझोन वायू, उजव्या बाजूला नेहमीची हिरडीखालची सफाई. डावी बाजू बरी झाली, उजवी बिघडली. 'न खरवडता, न टोचता, रक्ताचा थेंब न सांडता.' नाव घातलेलं नाहीस, पण आपला जबडा माणूस ओळखतो.

एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते, ही कल्पना माझीच होती, ते मी नाकारत नाही. तू दोन्हीकडे ओझोन देणार होतास. मी म्हटलं, मग गुण कशानं आला ते कळणार कसं? म्हणून उजवीकडची सफाई मी इथल्या दंतवैद्याकडून करून घेतली. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं की स्वतःचं तोंडसुद्धा परीक्षानळी वाटायला लागतं.

तर आता ऐक. तुझं चित्र उलटं आहे. बरी झाली ती उजवी बाजू. डावीकडची खालची दुसरी दाढ जीभ लावली की हलते. रोज सकाळी दात घासल्यावर रक्त कुठून आलं ते मी वहीत लिहिते. पहिले दोन महिने दोन्हीकडून येत होतं. मग उजवीकडचं थांबलं. डावीकडचं आज सकाळीही आलं.

मी हे माझ्या दाढेसाठी लिहीत नाही. शिवणकामवाल्या बाईंच्या हिरड्या सुजलेल्या असतात. पत्रक वाचून त्यांनी इथल्या दंतवैद्याकडची सफाईची वेळ रद्द केली. न खरवडता होत असेल तर खरवडून कशाला घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि पत्रकावर विश्वास ठेवला तर ते बरोबरच आहे. मी त्यांना जरा थांबा म्हटलं. कारण सांगितलं नाही.

मोजणी करताना तू रेकॉर्डरवर बोलतोस आणि मागाहून कागदावर उतरवतोस. शेवटच्या मोजणीचं रेकॉर्डिंग ऐक. तोवर पत्रकं वाटू नकोस.

ताई

---

९ मार्च

ताईस नमस्कार.

तुझं पत्र म्हणजे उत्तरपत्रिका परत आल्यासारखं वाटलं. समासात लाल शाई तेवढी नव्हती.

आधी तुझी शंका फेडतो. दातांचा तक्ता मी तुझ्यासमोर उभा राहून बघतो आहे अशा पद्धतीनं काढलेला असतो. कागदाची डावी म्हणजे तुझी उजवी. पहिल्या वर्षाचे अर्धे विद्यार्थी इथेच घसरतात. शिवाय तू बेसिनवरच्या आरशात बघून वही लिहीत असणार, म्हणजे आणखी एक उलट. दोनदा उलट झालं की माणूस गोंधळतोच, त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मी सळई घालून हिरडीचा खिसा किती खोल आहे ते मोजतो. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, पाचाच्या पुढे काळजी. तुझ्या डाव्या बाजूला सहाचे तीन झाले. कागद समोर आहे. दाढ हलते म्हणतेस ती रात्री दात आवळून झोपल्यानंही हलते. तुला दात आवळायची सवय लहानपणापासून आहे, जागेपणी सुद्धा.

आता जे तू विचारलं नाहीस ते सांगतो. दंतवैद्य मला हसतात हे मला माहीत आहे. समग्र दंतोपचार असा फलक लावला त्या दिवशी समोरच्या दवाखान्यातला म्हणाला, काका, आता दात काढणार की आशीर्वाद देणार? मी ऐकून घेतलं. ही जाण्याआधीच्या दोन महिन्यांत मी इतक्या सुया आणि इतकं रक्त बघितलं, की नंतर दवाखाना उघडला तेव्हा हातात खरवडणी धरवेना. हे यंत्र आलं. हिरडीवर टोपी बसवायची, बटण दाबायचं, वीज कडाडून गेल्यावर येतो तसा थोडा वास येतो, आणि माणूस न दुखता उठून जातो. ताई, तीस वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्या खुर्चीतून उठताना आभार मानतात.

बाकीच्यांनी हसावं. तू नको.

धाकटा

ता. क. दाढेसाठी गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.

---

१३ मार्च

धाकट्या,

तू सगळं लिहिलंस, रेकॉर्डिंग ऐकलंस की नाही तेवढं लिहिलं नाहीस.

कागदाची डावी म्हणजे माझी उजवी, हे तू मला पहिल्याच खेपेला समजावलं होतंस. माझ्या लक्षात आहे. आणि वही मी आरशात बघून लिहीत नाही. हलती दाढ मला जिभेनं कळते, आणि जिभेला आरसा लागत नाही.

पूर्वी ही चूक झाली नसती. पूर्वी तू आकडे म्हणायचास आणि भावजय लिहायची. तू भलतीकडे वळलास की ती 'थांबा, रांग बदलली का?' म्हणून तुला अडवायची. मी त्या खुर्चीत आडवी पडून तुम्हा दोघांचं ऐकलेलं आहे. तीन, दोन, तीन. लिहिलंस? हं. चार, चार, तीन. लिहिलंस? हं. तुमचा सगळा संसार मला त्या बोलण्यात ऐकू यायचा. आता तू म्हणतोस आणि लिहून घ्यायला कोणी नाही.

एक गोष्ट आठवते ती नोंदवते. तुझी खुर्ची नेहमी माझ्या उजव्या हाताला असते. तिचं स्टूल डाव्या हाताला. शेवटच्या मोजणीच्या दिवशी तू डावीकडे बसला होतास. मला आठवतं, कारण दिवा त्या बाजूनं ओढल्यामुळे उजेड दुसऱ्याच डोळ्यात येत होता. त्याचा काय अर्थ होतो ते मला सांगता येणार नाही. तुला सांगता येईल.

मी तुला हसत नाही. मी अख्ख्या आयुष्यात किती वेळा हसले ते तू बोटांवर मोजू शकशील.

ताई

---

२ एप्रिल

ताई,

वीस दिवस उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो. रेकॉर्डर टेबलाच्या खणात होता आणि मी तो खण उघडत नव्हतो.

काल ऐकलं. अकरा मिनिटांचं आहे.

सुरुवातीला खुर्ची खाली घेतल्याचा आवाज. मग मी म्हणतो, 'इथून जिना दिसतो. मला माहीतच नव्हतं.' हे मी तुला म्हणत नव्हतो. हिला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. तू खुर्चीत आडवी झालीस, मी हात धुतले, आणि माझ्या जागेवर न जाता हिच्या स्टुलावर जाऊन बसलो. माझ्या जागेवरून समोर भिंत आणि निर्जंतुकीकरणाचं भांडं दिसतं. हिच्या जागेवरून खिडकी आणि तिच्याबाहेर जिना. कोण येतंय, कोण अर्ध्यातून परत जातंय, ते हिला आधी कळायचं. मला वाटायचं, हिला अंदाज फार चांगला.

त्याचा अर्थ असा. माझ्या जागेवरून मी नेहमी हाताशी असलेल्या बाजूनं, म्हणजे पेशंटच्या उजव्या वरच्या शेवटच्या दाढेपासून सुरू करतो. त्या दिवशी हाताशी तुझी डावी बाजू होती. मी तिथून सुरू केलं. चार दिवसांनी उतरवायला बसलो तेव्हा जिन्याचं वाक्य पुढे ढकललं, आकडे लागले तिथपासून ऐकलं, आणि सवयीनं उजवीपासून लिहीत गेलो. चारही रांगा उलट्या. हे तू कोणत्याही दंतवैद्याला सांगितलंस तर तो म्हणेल, मोजताना लक्षात कसं आलं नाही? आलं नाही. आकडे लक्षात ठेवणं माझं काम कधीच नव्हतं. तीस वर्षं मी म्हणायचो आणि विसरायचो.

म्हणजे तुझी सफाई केलेली बाजू सुधारली आणि ओझोनची बाजू खाली गेली. मी चारशे पत्रकं छापली आहेत.

आणखी एक. प्रत्येक रांग संपल्यावर मी 'लिहिलंस?' असं विचारतो आहे. मला हे माहीतच नव्हतं. आणि चारही वेळा उत्तर आलं आहे, 'हं.' खोलीत तू आणि मी. तुझ्या तोंडात माझा आरसा आणि सळई. मी दोनदा मागे घेऊन ऐकलं.

चूक माझी. पण ताई, आता माझं एक ऐकून घे. उजवं थांबलं, डावं चालू आहे, हे चार महिने तुझ्या वहीत लिहिलेलं होतं. दर खेपेला मी विचारत होतो, हिरड्या काय म्हणतात? आणि दर खेपेला तू 'बरं आहे' म्हणत होतीस. दर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर आ करून पडत होतीस आणि एवढी एक गोष्ट सांगितली नाहीस. पत्रक छापून झाल्यावर वही बाहेर काढलीस. का?

धाकटा

---

६ एप्रिल

धाकट्या,

प्रश्न रास्त आहे. दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं आहे आणि हे जसं होईल तसं पाठवणार आहे.

डावी बाजू सुधारत नाही हे मी तिसऱ्या महिन्यात सांगितलं असतं तर तू ओझोन बंद करून तिथलीही सफाई इथेच करून घ्यायला लावली असतीस. सफाईला दोन खेपा लागतात. ओझोनला बारा लागतात.

बारा खेपा म्हणजे बारा शनिवार. सकाळची बस, दोन तास, तुझा दवाखाना, वीस मिनिटं यंत्र, मग तू कुलूप लावायचास आणि आपण दोघं चालत घरी. तू भात लावायचास, मी भाजी चिरायची. तू मीठ विसरायचास आणि मी बोलायचे. रविवारी सकाळच्या बसनं परत. मधल्या पंधरा दिवसांत इथे माझ्याशी कोण बोलतं त्याचा हिशेब सांगते: दूधवाला, लिफ्टमधले लोक, आणि शिवणकामवाल्या बाई, त्याही मापासाठी. निवृत्त झाले त्या वर्षी मला वाटलं होतं की शांतता मिळेल. मिळाली.

म्हणून मी 'बरं आहे' म्हणाले.

दुसरं कारण तू. यंत्र आल्यापासून तू इस्त्रीचा शर्ट घालायला लागला होतास. दवाखान्यात शिरताना तू दिव्याचं बटण दाबावं तसं यंत्राचं दाबायचास, आणि तुझा चेहरा जरा माणसात यायचा. तुझं यंत्र माझ्या तोंडात नापास झालं आहे, हे मला तुला सांगवलं नाही. एरवी सगळ्या वर्गाला नापास करताना मला काही वाटलं नव्हतं.

प्रयोगशाळेत एखादीनं असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तू आकडे चुकवलेस. मी निरीक्षण दडवलं. या दोन्हींत मोठा गुन्हा कोणता, ते मी मुलींना एकतीस वर्षं सांगत आले.

ओझोननं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. सफाईऐवजी फक्त ते, हे माझ्या डाव्या बाजूला मानवलं नाही, इतकंच. एका जबड्यावरून पत्रक काढायचंच नसतं, ना त्या बाजूनं ना या. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी प्रयोग आखून मोकळी झाले, आणि पुढे प्रयोगापेक्षा शनिवारच महत्त्वाचे झाले.

शिवणकामवाल्या बाईंना मी काल खरं सांगितलं. माझ्या भावाची चूक झाली आणि ती मी झाकली, असं. त्या टाचण्या तोंडात धरून ऐकत होत्या. मग टाचण्या काढून म्हणाल्या, 'मंगळवारची वेळ परत मिळते का बघते.' आणि पुन्हा मशीनवर बसल्या. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

ते 'हं' म्हणतोस त्याचं काही नाही. घशात पाणी साचलं होतं, त्याचा आवाज.

दाढ कधी दाखवू ते कळव.

ताई

---

१० एप्रिल

ताई,

अठरा तारखेला ये. जास्त थांबू नकोस. तू लिहिलंस त्यावरून ती वाचेल असं वाटत नाही, पण मोजल्याशिवाय बोलत नाही. या वेळी मी माझ्याच जागेवर बसेन.

अठ्ठ्याऐंशी पत्रकं वाटून झाली आहेत. ज्या ज्या घरी गेली त्यांची यादी काढून एकेक चिठ्ठी लिहितो आहे. छापत नाही, हातानं लिहितो आहे. दिवसाला दहा होतात. समोरच्या दवाखान्यातल्याला जाऊन सांगून आलो. तो हसेल म्हणून तयारीनं गेलो होतो. त्यानं चहा मागवला, ते जास्त जड गेलं.

लिहून घ्यायला कोणी नाही आणि रेकॉर्डरचा आता मला भरवसा नाही. औषधाच्या दुकानदाराला विचारलं आहे, पंधरा मिनिटं येऊन बस म्हणून.

घशात पाणी म्हणतेस. मी पाणी ओढून घ्यायची नळी तुझ्या तोंडात पूर्ण वेळ लावून ठेवली होती.

धाकटा

---

२२ एप्रिल

धाकट्या,

सुखरूप पोचले. सूज उतरली. कापूस त्याच दिवशी काढला. रक्त नाही.

आपण जे केलं ते लिहून ठेवायला हवं, कारण तू विसरशील आणि मी लपवीन. आता आपल्या दोघांचीही खात्री पटली आहे.

औषधाचा दुकानदार आला नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. तू रेकॉर्डर घ्यायला उठलास. मी कागद मागितला. वहीचा पुठ्ठा छातीवर ठेवून, छताकडे बघत, स्वतःच्याच तोंडाचे आकडे मी स्वतः लिहिले. प्रयोगाचा पदार्थ आणि नोंदणारी एकच, असा प्रकार मी कोणाला करू दिला नसता. ओळी उतरणीला लागल्या, एक आकडा पदरावर गेला. उजवीकडे तीन, दोन, तीन. डावीकडे सहा, सात, सात. रांग संपली की तू थांबत होतास. 'लिहिलंस?' असं तू विचारलं नाहीस. तोंड मिटून घेतलंस, मला दिसलं.

दाढ काढलीस. धुऊन बाटलीत घातलीस. मग तू सव्वा वर्षानं खरवडणी हातात घेतलीस आणि डावीकडचं उरलेलं सगळं साफ केलंस. खूप रक्त आलं. तू एकदाही मान वळवली नाहीस.

शेजारची दाढ राहील म्हणालास. बघू.

जेवताना मी एका बाजूनं चावत होते आणि तू भात जास्त शिजवला होतास, माझ्यासाठी, हे कळलं. रविवारी बसपर्यंत आलास. पुन्हा कधी ये, हे तू म्हणाला नाहीस आणि मीही विचारलं नाही. बस सुटल्यावर लक्षात आलं की आता मला तुझ्याकडे यायला काही कारण उरलेलं नाही. घरी आले, कुलूप काढलं. जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडे जाते. तिथे काही नाही हे तिला रोज नव्यानं कळतं.

प्रयोगशाळेचा ताबा सोडताना केली होती तशी यादी खाली करते आहे. एका प्रतीवर सही करून परत पाठव.

देवघेव, १८ एप्रिल

तुझ्याकडे दिलं:
वही, एक. दोनशे एकसष्ट दिवसांची. खाडाखोड नाही. त्यात 'बरं आहे' असं कुठेही लिहिलेलं नाही.
डावी खालची दुसरी दाढ, एक, बाटलीत. मुळं शाबूत.
आकड्यांचा कागद, एक, आडवं पडून लिहिलेला. तिसऱ्या ओळीतलं अक्षर शून्यासारखं दिसतं, ते सात आहे.

माझ्याकडे मिळालं:
पत्रकं, तीनशे बारा. मागची बाजू कोरी आहे. वापरीन.
रेकॉर्डर, एक, आतल्या अकरा मिनिटांसह.
पेन, एक, भावजयीचं, तक्त्याच्या क्लिपला लावलेलं. शाई वाळलेली.

जागेवरच ठेवलं:
ओझोनचं यंत्र. प्लग तू काढलास.
स्टूल. तू आतल्या खोलीत नेऊन ठेवणार होतास. मी राहू दे म्हटलं.

दुरुस्ती, एक. माझ्या सहा एप्रिलच्या पत्रात. घशात पाणी नव्हतं. ते 'हं' मीच म्हणाले होते.

ताई